तळ्याकाठी मे, डोंगरावर मार्च : स्वित्झर्लंडच्या रेल्वेप्रवासाविषयी काही गैरसमज

वार्षिक परीक्षा आटोपल्या की घरोघरी ‘यंदा कुठं?’ सुरू होतं. ज्यांचं उत्तर स्वित्झर्लंड असतं, ते तिकडे पोहोचतात नेमके एप्रिल-मेमध्ये, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात आणि त्यांच्या वसंतात. सहल कंपनीबरोबर गेलं तर प्रश्न नाही. बसमध्ये चढवतात, बसमधून उतरवतात, साडेसातला जेवायला वाढतात. आपले आपण रेल्वेनं फिरायचं ठरवलं की मात्र ओळखीचे, नात्यातले, व्हॉट्सॲपवरचे असे सगळे सल्ले द्यायला पुढे येतात. त्यातले बरेचसे सल्ले जुलैत जाऊन आलेल्यांचे असतात. उरलेले आपल्याकडच्या रेल्वेच्या सवयीतून आलेले. दोन्ही ऐकून आखलेली सहल मे महिन्यात अडते.

गैरसमज : मे महिन्यात सगळीकडे फुलं आणि हिरवळ

या गैरसमजाचं अर्धं श्रेय हिंदी सिनेमाला द्यायला हवं. यश चोप्रांनी हिरवी कुरणं आणि मागे बर्फाची शिखरं इतक्या वेळा दाखवली की इंटरलाकेन गावात आज त्यांचा पुतळा उभा आहे. पण पडद्यावर कुरण आणि शिखर एकाच चौकटीत मावतं. प्रत्यक्षात त्या दोहोंत दोन-अडीच हजार मीटरचं अंतर असतं आणि प्रत्येक उंचीवर वेगळा महिना चालू असतो.

हिशेब सोपा आहे. दर १००० मीटर चढलं की हवा साधारण ६ अंशांनी गार होते. लोकार्नो हे गाव ज्या माज्जोरे तलावाकाठी आहे, त्याची पातळी समुद्रसपाटीपासून १९३ मीटर. तिथं कॅमेलियाची फुलं मार्चमध्येच उमलतात. जिनिव्हा तलावाकाठच्या मोर्ज गावात एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंत ट्युलिपचा उत्सव असतो. १९७१ पासून तो चालत आलाय. तिथून पुढे माँट्रोला जा आणि डोंगरात चढणारी छोटी गाडी पकडा. लेझावाँ नावाच्या गावाभोवतीचे उतार मे महिन्यात रानटी नार्सिससनं पांढरे होतात. लांबून पाहणाऱ्याला बर्फच वाटावा, म्हणून तिथले लोक त्याला ‘मेमधलं हिम’ म्हणतात.

आता त्याच आठवड्यात झेरमाटला जा. गाव १६०० मीटरवर. बर्फ गावातून गेलेला, पण पायवाटांवर चिखल, वरच्या वाटा बर्फाखाली आणि कुरणं अजून पिवळट-तपकिरी. अल्पाइन फुलांचे जे फोटो आपण कॅलेंडरवर पाहतो, ते जून-जुलैचे. आणखी वर, युंगफ्राउयोखच्या ३४५४ मीटरवरच्या स्थानकात, मे महिन्याचं सरासरी तापमान शून्याच्या खालीच असतं.

म्हणून वसंतातली सहल आखताना नकाशाइतकीच गावाची उंची पाहावी. मुक्काम खाली ठेवा : लुझर्न (४३५ मीटर), माँट्रो, लुगानो (२७३ मीटर), फार तर इंटरलाकेन (५७०). डोंगर दिवसाचा करा आणि संध्याकाळी तळ्याकाठी परत या. मेअखेर तिकडे रात्री नऊच्या सुमारास मावळतं, त्यामुळे दिवस पुरतो. लाउटरब्रुनेनची दरी मात्र मे-जूनमध्येच पाहावी. वितळलेल्या बर्फाचं पाणी तेव्हा कड्यांवरून कोसळत असतं. तिथला २९७ मीटरचा श्टाउबबाख धबधबा ऑगस्टअखेर पाहणाऱ्यांना ‘एवढाच का?’ असं वाटू शकतं.

जाता जाता पावसाबद्दल. युरोपातला पाऊस म्हणजे भुरभुर, असं आपण धरून चालतो. आल्प्सच्या उत्तरेला मे ते ऑगस्ट हेच जास्त पावसाचे महिने आहेत. दक्षिणेकडचं लुगानो उन्हासाठी नावाजलेलं, पण एप्रिल-मेमध्ये तिथं झ्युरिकपेक्षाही जास्त पाऊस पडतो. छत्री न्या.

गैरसमज : पर्यटनाचा देश आहे, सगळं चालूच असणार

स्कीचा हंगाम संपतो एप्रिलच्या सुमारास, पायी भटकणाऱ्यांचा सुरू होतो जूनमध्ये. मधल्या फटीत रोपवे बंद ठेवून त्यांची दोरखंडं, चाकं, ब्रेक तपासतात. झेरमाट, वेंगेन, म्युरेनसारख्या गावांतली बरीच हॉटेलं याच काळात कुलूप लावतात. मालकही कधीतरी सुट्टीवर जाणारच. स्वस्तात मिळालं म्हणून एप्रिलअखेरचा मुक्काम म्युरेनला ठेवला, तर जेवायला उघडं काय आहे हे शोधण्यातच संध्याकाळ जायची.

लुझर्नजवळच्या पिलाटुसचं उदाहरण घ्या. आल्पनाखश्टाडहून चढणारी तिथली दातेरी रुळांची रेल्वे १८८९ ची. ४८ टक्के चढ असलेली, या प्रकारातली जगातली सर्वांत उभी. बोटीनं तळं ओलांडायचं, या रेल्वेनं वर जायचं आणि दुसऱ्या अंगानं रोपवेनं उतरायचं, ही फेरी माहितीपुस्तकांत हमखास असते. पण ही रेल्वे साधारणपणे मेमध्ये सुरू होते. एप्रिलमध्ये गेलात तर रोपवेनंच वर आणि रोपवेनंच खाली. विल्डर्सविलहून शिनिगे प्लाटेला जाणारी जुनी गाडी तर जूनची वाट पाहते. तळ्यातल्या बोटींचंही तसंच, वसंतात फेऱ्या कमी. फुर्का, ग्रिमसेल, सुस्टेन या घाटांचे रस्ते मेअखेर किंवा जूनमध्ये उघडतात, तेव्हा ‘एक दिवस गाडी भाड्यानं घेऊन घाट करू’ हा बेतही बारगळतो.

समोरच्याच तळ्याकाठचा रिगी मात्र बारमाही. फित्सनाऊहून तिथं चढणारी रेल्वे १८७१ ची, युरोपातली पहिली पर्वतीय दातेरी रेल्वे. १७९८ मीटरवरचं शिखर, दोन्ही बाजूंना तळी. माझं मत विचाराल तर वसंतात लुझर्नला एकच डोंगर करायचा असेल, तर हाच करावा.

गैरसमज : आरक्षण आधी केलं नाही तर जागा मिळणार नाही

तिकिटाची खिडकी उघडल्या सेकंदाला बटण दाबणारी माणसं आपण. हा धाक जाता जात नाही. पण स्वित्झर्लंडच्या देशांतर्गत गाड्यांत आरक्षण सक्तीचं नसतं, बहुतेकांत कुणी करतही नाही. तिकीट त्या मार्गाचं असतं, दिवसभरातल्या कोणत्याही गाडीला चालतं. मुख्य मार्गांवर दर तासाला किंवा अर्ध्या तासाला, ठरलेल्या मिनिटाला गाडी सुटते. देशभर असं ठोक्याचं वेळापत्रक १९८२ पासून आहे. गाडी बदलायला पाच-सहा मिनिटंच दिली असली, तरी घाबरायचं कारण नाही. समोरच्या फलाटावरची गाडी त्या हिशेबानंच ठेवलेली असते. तिकीट मात्र चढण्याआधीच हवं. ‘टीसीला सांगून बघू’ हा मार्ग तिथं दंडाकडे जातो.

आरक्षणाची सक्ती आहे ती काही नामांकित पर्यटक गाड्यांना. लुझर्न–इंटरलाकेन ही गाडी त्यांत नाही. ब्रुनिगचा घाट चढून, पाच तळ्यांच्या काठानं, पावणेदोन-दोन तासांत पोहोचवणारी ती साधी दर तासाची गाडी आहे. माँट्रो–इंटरलाकेन गोल्डनपास एक्स्प्रेस डोक्यानं भारी. माँट्रोकडचे रूळ मीटरगेज, इंटरलाकेनकडचे स्टँडर्ड गेज. झ्वाइझिमेनला गाडी चालता चालता चाकांमधलं अंतर बदलते. डिसेंबर २०२२ मध्ये हे सुरू होईपर्यंत प्रवासीच गाडी बदलत होते.

आरक्षण करून ठेवण्यात एक तोटाही आहे. डोंगर दिसणं-न दिसणं ढगांवर असतं आणि वसंतात ढगांचा भरवसा नसतो. बहुतेक शिखरांवर थेट चित्र दाखवणारे कॅमेरे आहेत. सकाळी न्याहारीच्या टेबलावर ते पाहावेत. वर निरभ्र असेल तर डोंगर, नाहीतर बोट आणि संग्रहालय. महिनाभर आधी ‘१२ मे, युंगफ्राउ’ असं वहीत पक्कं करून ठेवणारे लोक दोनशेहून अधिक फ्रँक मोजून पांढऱ्या धुक्यात उभे राहतात.

गैरसमज : ग्लेशियर एक्स्प्रेस केली नाही तर प्रवास अपुरा

ही गाडी १९३० मध्ये सुरू झाली. झेरमाट ते सेंट मॉरिट्झ हे २९१ किलोमीटर ती सुमारे ८ तासांत कापते; सरासरी वेग ताशी ४० किलोमीटरच्याही आत. स्वतःचं कौतुक ती ‘जगातली सर्वांत सावकाश एक्स्प्रेस’ असंच करते, तेव्हा नावातल्या ‘एक्स्प्रेस’बद्दल तक्रार नाही. गंमत ‘ग्लेशियर’ या शब्दाची आहे. ज्या ऱ्होन हिमनदीवरून नाव पडलं, ती आता गाडीतून दिसतच नाही. पूर्वीचा मार्ग ग्लेचमार्गे फुर्काच्या घाटातून जायचा आणि हिमनदी खिडकीत यायची. पण हिमकड्यांमुळे तो मार्ग हिवाळ्यात बंद. तिथला श्टेफेनबाखचा पूल तर दर शरद ऋतूत घडी करून ठेवावा लागतो, नाहीतर बर्फाचा लोंढा तो वाहून नेईल. १९८२ मध्ये खालून १५ किलोमीटरचा बोगदा झाला, गाडी बारमाही झाली आणि हिमनदी डोंगरापलीकडे राहिली. जुन्या घाटमार्गावर हौशी स्वयंसेवक वाफेची गाडी चालवतात, पण उन्हाळ्यात. मे महिन्यात तो मार्ग बर्फाखाली असतो.

गाडी वाईट आहे असं नाही. लांडवासरचा ६५ मीटर उंच दगडी पूल, २०३३ मीटरवरचा ओबेराल्पचा घाट हे पाहण्यासारखंच आहे. पण याच रुळांवरून साध्या गाड्याही धावतात. दोन-तीनदा गाडी बदलावी लागते, आरक्षणाचे जादा पैसे वाचतात आणि आंडरमाटला वाटलं तर उतरून चहा पिता येतो. आठ तास एका खुर्चीत बसून बंद काचेतून पाहणं सगळ्यांना जमत नाही, लहान मुलांना तर नाहीच.

एकच डोंगरी रेल्वे निवडायची तर मी बर्निना निवडेन. सेंट मॉरिट्झकडून चढत ती २२५३ मीटरवर जाते आणि तिथून इटलीतल्या तिरानोपर्यंत, ४३० मीटरपर्यंत उतरते, तेही दातेरी रुळांच्या मदतीशिवाय. युनेस्कोच्या यादीत हा मार्ग २००८ पासून आहे. वर लागो बियांको तळं मे महिन्यातही बऱ्याचदा गोठलेलं, आणि दीडेक तासात खाली चेस्टनटची झाडं. पहिल्या गैरसमजाचं उत्तर एका खिडकीत बसून पाहायचं तर ते इथं. साध्या गाडीच्या खिडक्या उघडतात, त्यामुळे फोटोत काचेतलं आपलंच प्रतिबिंब येत नाही. तिरानो इटलीत असलं तरी शेंगेन व्हिसा तिथं चालतो. पासपोर्ट मात्र जवळ हवा.

तसंच गॉटहार्डचं. झ्युरिकहून लुगानोला जाणारी वेगवान गाडी २०१६ मध्ये उघडलेल्या ५७ किलोमीटरच्या बोगद्यातून जाते. वेळ वाचतो, आल्प्स डोक्यावरून निघून जातात. १८८२ चा जुना घाटमार्ग अजून चालू आहे, साध्या तिकिटावर. त्यात वळणं इतकी, की वासेन गावचं चर्च तीन वेगवेगळ्या उंचींवरून तीनदा दिसतं.

गैरसमज : स्विस पास घेतला की सगळं फुकट

स्विस ट्रॅव्हल पास ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो. रेल्वे, बस, तळ्यातल्या बोटी, शहरांतल्या ट्राम आणि ५०० हून अधिक संग्रहालयं त्यात येतात. रिगीही पूर्ण येतो. पण युंगफ्राउयोखसाठी तो ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंतच. पुढे २५ टक्के सूट. पिलाटुस, टिटलिस या डोंगरांना निम्मे पैसे द्यावेच लागतात. आरक्षणाचे पैसे तर सगळीकडे वेगळे.

दुसरा पर्याय महिनाभराच्या हाफ फेअर कार्डाचा. त्यावर जवळजवळ सगळी तिकिटं निम्म्या दरात, युंगफ्राउसुद्धा. एका गावी तळ ठोकून दोन-तीन महागडे डोंगर करणाऱ्यांना हे कार्ड बहुधा स्वस्त पडतं. रोज गाव बदलणाऱ्यांना आणि बोटीत रमणाऱ्यांना पास. तारखा पक्क्या असतील तर सेव्हर डे पासही पाहावा. तो ६ महिने आधीपासून मिळतो आणि जसजसा खपतो तसा महागतो. अर्धा तास कागद-पेन्सिल घेऊन बसलं की उत्तर मिळतं, ट्रॅव्हल एजंटला विचारायची गरज नाही.

सोळाच्या आतली मुलं पासधारक आई-वडिलांबरोबर फॅमिली कार्डावर फुकट. आजी-आजोबांनी एकट्यानं नातवंडांना नेलं तर ही सवलत लागू होत नाही. ज्येष्ठ नागरिक म्हणून पासवर सूट नाही. पंचविशीच्या आतल्यांना आहे.

आणि एक, इंटरलाकेन ओस्टच्या फलाटावरचं

‘एकच गाडी आहे, कुठंही चढा’ असं तिथं वाटतं. ग्रिंडेलवाल्ड आणि लाउटरब्रुनेन दोन्हींना जाणारी ती एकच गाडी असते खरी, पण त्स्वाइल्युचिनेनला तिचे दोन तुकडे होतात. पुढचे डबे एका दरीत, मागचे दुसऱ्या. फलाटावर अ-ब असे विभाग आणि डब्यावर गावाचं नाव लिहिलेलं असतं. आजी-आजोबा, नातवंडं आणि चार बॅगा घेऊन निघालेल्या कुटुंबानं चढण्याआधी ते वाचून घ्यावं आणि सगळ्यांनी एकाच डब्यात चढावं.