तळ्याकाठी कसं खेळावं?



दिवाळीच्या सुट्टीत मी मुंबईला मामाकडे गेलो होतो. माझा मामा दिंडोशीला राहतो. हे गाव गोरेगावच्या पूर्वेला आहे. मला वाटलं होतं, मुंबईत नुसत्या इमारतीच असतील. पण मामाच्या गच्चीवरून झाडीचे डोंगर दिसतात. मामा म्हणाला, "त्या डोंगरांपलीकडे तळीसुद्धा आहेत." मी लगेच पिशवीत चड्डी आणि पंचा भरला. मामा हसला. म्हणाला, "पंचा ठेव घरी. तिथं पोहायचं नसतं." मी विचारलं, "मग त्या तळ्याचा उपयोग काय?" याचं उत्तर मला दोन दिवसांत मिळालं. तेच इथे लिहीत आहे.

पहिल्या दिवशी आम्ही आरे कॉलनीत गेलो. मुंबई शहरातले म्हशींचे गोठे बाहेर नेण्यासाठी 1949 साली ही वसाहत सुरू झाली. तिथं एक बाग आणि लहानसं तळं आहे. त्याला छोटा काश्मीर म्हणतात. मामा लहानपणी तिथं पायांनी चालवायच्या होडीत बसायचा. आम्ही काठावर बसून भाकरी खाल्ली. मग मामाने एक खेळ सांगितला. पाच मिनिटं अजिबात बोलायचं नाही आणि पक्षी मोजायचे. मला खंड्या दिसला, बगळे दिसले, आणि एक पाणकावळा पंख पसरून वाळवत बसला होता. माझे अकरा झाले, मामेबहिणीचे सात. ती म्हणाली, मी बगळे दोनदा मोजले. मोजले असतील!

पण तळ्यात का उतरायचं नाही? कारण वरून पाणी शांत दिसतं, खाली गाळ किती ते दिसत नाही. हे मला पटलं, कारण माझ्यावर बेतलं होतं. मागच्या उन्हाळ्यात मी आपल्या पाझर तलावात एकटाच उतरलो होतो. पाणी कमरेएवढंच होतं. पुढच्या पावलाला पाय गाळात रुतला आणि पाणी नाकाशी आलं. दादाने केस धरून ओढलं म्हणून वाचलो. घरी आम्ही हे सांगितलं नव्हतं. आज आईबाबा हे वाचतील.

दुसऱ्या दिवशी आम्ही दिंडोशीहून मेट्रोने निघालो. कुरार, आकुर्ली, पोईसर, मागाठाणे, देवीपाडा आणि मग राष्ट्रीय उद्यान. बोरीवलीचं हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटर आहे. सोमवारी ते बंद असतं. आत बिबटे राहतात, म्हणून अंधार पडायच्या आत बाहेर यायचं. मुलांनी मोठ्यांच्या पुढे पळायचं नाही. झुडपाआड एकटं बसायचं नाही, कारण वाकून बसलेलं मूल बिबट्याला लहान जनावरासारखं दिसतं. माकडांना खाऊ द्यायचा नाही. नाहीतर ती दुसऱ्यांच्या पिशव्या ओढायला शिकतात.

या जंगलात विहार आणि तुळशी असे दोन मोठे तलाव आहेत. विहार 1860 साली झाला आणि तुळशी 1879 साली. तुळशी भरला की त्याचं पाणी विहारमध्ये येतं. विहार भरून वाहिला की ते मिठी नदीला मिळतं. आम्हाला हे तलाव जवळून बघायचे होते, पण तिथं परवानगीशिवाय जाता येत नाही. त्यांत मगरी आहेत. आणि दुसरं कारण मोठं आहे. ते पिण्याचं पाणी आहे.

मुंबईला सात तलावांचं पाणी मिळतं. विहार आणि तुळशी त्यांतले लहान. बाकीचे मोठे तलाव लांब आहेत. त्यांतले तानसा आणि भातसा तर आपल्या शहापूर तालुक्यातच आहेत! तानसाचं धरण 1892 साली पुरं झालं. मामी नळ सोडून भांडी घासत होती, तेव्हा मी म्हटलं, "मामी, हे आपल्याकडचं पाणी असेल. वैशाखात आमच्या वाडीत टँकर येतो, तेव्हा आई हंडा घेऊन रांगेत उभी असते." मामी काही बोलली नाही. तिने नळ बारीक केला.

मग आम्ही कान्हेरीची लेणी बघितली. शंभरापेक्षा जास्त लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपासून बौद्ध भिक्षू तिथं राहत असत. लेण्यांजवळ दगडात टाकी कोरली आहेत. त्यांना पोढी म्हणतात. पावसाचं पाणी टाक्यात यावं म्हणून खडकात लहान पन्हळी खोदल्या आहेत. त्या लोकांकडे नळ नव्हता, तरी त्यांनी पाण्याची जागा आधी करून ठेवली.

तर मित्रांनो, माझ्या प्रश्नाचं उत्तर असं. काही तळी बघायची आणि काठावर खेळायची असतात. काही तळी पिण्याची असतात. कुठलं तळं कशासाठी, ते आधी विचारायचं.

आपला पाझर तलाव कशासाठी आहे? गुरुजींनी सांगितलं की त्याचं पाणी जमिनीत झिरपून खालच्या विहिरीत येतं. ती विहीर आपण पितो. आणि त्याच तलावात आपण म्हशी धुतो, कपडे धुतो, पोहतो. म्हणून मला असं वाटतं:

1. म्हशी आणि कपडे धुवायला तलावाचं पाणी बादलीने बाजूला न्यावं. धुतलेलं पाणी परत तलावात जाऊ देऊ नये.
2. गाळ जिथं खोल आहे तिथं मोठ्या माणसांनी बांबू रोवून लाल फडकं बांधावं.
3. एकट्याने पाण्यात उतरू नये. पोहायला शिकायचं तर पाठीला सुका भोपळा बांधून, मोठं माणूस बरोबर असताना, दुसऱ्या विहिरीत शिकावं.
4. काठावर पिशव्या, पुड्या टाकू नयेत.
5. दर शनिवारी शाळा सुटल्यावर बांधावर बसून पक्षी मोजावेत. मी वही केली आहे. बगळा एकदाच मोजायचा.

पालकांनी दोन नंबरचं काम पावसाळ्याआधी करावं, ही विनंती. बांबू आमच्या परड्यात आहेत. मी आजीला विचारलं आहे, ती देते म्हणाली.

— इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी