जीनोम व्हॅलीचा मान आणि मानकरी

हैदराबादच्या आबिड्स चौकाचं नाव एका राजसेवकाचं आहे. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या खासगी सेवेत अल्बर्ट आबिड नावाचे आर्मेनियन गृहस्थ होते. निजामाच्या पोशाखाची, वस्तूंची देखभाल त्यांच्याकडे असे. त्यांनी या भागात दुकान काढलं आणि लोक त्या दुकानाच्या नावाने चौक ओळखू लागले. सरकारी ठराव न होता, कोनशिला न बसता हैदराबादने एका सेवकाचं नाव सव्वाशे वर्षं जपलं. सन्मान कसा होतो, कोणाचा होतो, याचा विचार करायला हैदराबादसारखं दुसरं शहर नाही, असं मला वाटतं. इथे सन्मान उंच व्यासपीठावरही होतो आणि रस्त्यावरच्या बोलण्यातही होतो.

व्यासपीठावरचा सन्मान म्हणजे जीनोम व्हॅली एक्सलन्स पुरस्कार. शहराच्या पश्चिमेला, हायटेक सिटीच्या बाजूला ‘बायोएशिया’ नावाची परिषद भरते. २००३च्या सुमारास ती सुरू झाली. पूर्वी आंध्र सरकारच्या, आता तेलंगणा सरकारच्या पुढाकाराने ती होते. औषध कंपन्यांचे प्रमुख, संशोधक, गुंतवणूकदार आणि मंत्री तिथे एकत्र येतात आणि जीवशास्त्राच्या क्षेत्रात मोठं काम करणाऱ्यांना हा पुरस्कार दिला जातो. २०२० साली तो कार्ल जून यांना मिळाला. रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी बाहेर काढून, त्यांना कर्करोगाशी लढायला शिकवून परत शरीरात सोडण्याची उपचारपद्धती त्यांनी उभी केली. २०२१ साली, परिषद पडद्यावरच भरली तेव्हा, भारत बायोटेकचे कृष्णा एल्ला आणि सुचित्रा एल्ला मानकरी होते. २०२३ साली रॉबर्ट लँगर आणि २०२४ साली नोबेल मिळालेले ग्रेग सेमेन्झा.

यादी भारदस्त आहे आणि एकही नाव अपात्र नाही. तरी ती वाचताना मला सतत वाटतं, की या शहराला जे सांगायचं आहे त्याचा अर्धाच भाग या यादीत आला आहे. उरलेला अर्धा शोधायला आबिड्सहून निघावं लागतं.

आबिड्सवरून बँक स्ट्रीटने कोठीकडे चालत गेलं की दहा-पंधरा मिनिटांत माणूस औषधांच्या जगात शिरतो. उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालय, सुलतान बाजारचं प्रसूती रुग्णालय, औषधांची घाऊक दुकानं, खोक्यांनी भरलेल्या हातगाड्या.  हा भाग आम्हा मराठी माणसांच्याही ओळखीचा. सुलतान बाजार, जांबाग, इसामिया बाजार इथे मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. केशवराव कोरटकरांच्या पुढाकाराने १९०७ साली निघालेली विवेकवर्धिनी जवळच आहे. औरंगाबादला वैद्यकीय महाविद्यालय निघालं ते १९५६ साली. तोवर हैदराबाद राज्यात असलेल्या मराठवाड्याच्या मुलाला डॉक्टर व्हायचं असेल तर राजधानीची वाट म्हणजे ही वाट.

याच परिसरात रूपाबाई फर्दुनजी शिकल्या आणि राबल्या. १८८५ साली हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत प्रवेश घेणाऱ्या पहिल्या पाच मुलींपैकी त्या एक. रुग्णाला भूल देणं हे त्यांचं काम. त्या काळी भूल म्हणजे क्लोरोफॉर्म, आणि क्लोरोफॉर्मने अधूनमधून टेबलावरच माणूस दगावायचा. तो श्वास थांबून मरतो की हृदय थांबून, यावर वैद्यकविश्वात कडाक्याचं भांडण होतं. शाळेचे प्रमुख आणि रेसिडेन्सीचे शल्यचिकित्सक एडवर्ड लॉरी ठामपणे म्हणायचे, की आधी श्वास थांबतो. श्वासावर नजर ठेवली तर धोका नाही. १८८८ साली त्यांनी निजामाच्या आश्रयाने आयोग नेमून प्राण्यांवर प्रयोग केले. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने शंका घेतली, तेव्हा निजामाने एक हजार पौंड देऊन त्यांच्या तज्ज्ञाला, लॉडर ब्रंटन यांना, हैदराबादला बोलावलं. १८८९च्या या दुसऱ्या आयोगाने लॉरींच्या बाजूने निकाल दिला. हैदराबादचं नाव जगभर गेलं. आयोगाच्या या कामात रूपाबाईंचाही हात होता.

पण लॉरी चुकले होते. १९११च्या सुमारास गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिलं, की क्लोरोफॉर्म थेट हृदयाची लय बिघडवून जीव घेऊ शकतो. ज्या निष्कर्षाचा एवढा गाजावाजा झाला तो टिकला नाही. टिकलं ते रूपाबाईंचं रोजचं काम. १९०९ साली त्या एडिंबराला जाऊन भौतिक आणि रसायनशास्त्र शिकून आल्या, कारण भुलीचं औषध समजायचं तर वायू समजायला हवेत. १९२० साली चादरघाट रुग्णालयाच्या प्रमुख म्हणून निवृत्त झाल्या. भूल देणाऱ्या जगातल्या पहिल्या स्त्री डॉक्टरांमध्ये आज त्यांचं नाव घेतलं जातं. त्यांच्या हयातीत त्यांच्या वाट्याला असं कौतुक फारसं आलं नाही.

दुसरी गोष्ट बेगमपेटची. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना इथे डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचे जंतू दिसले. १९०२ साली त्यांना नोबेल मिळालं आणि जिथे हे काम झालं ती इमारत आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. ज्याच्या रक्तावर ते डास पोसले त्या रुग्णाचं नाव हुसेन खान. एका डासाला एक आणा, असा त्याचा मेहनताना ठरला होता. स्वतः तापाने फणफणलेल्या माणसाने अंगावर डास बसू दिले म्हणून रॉसना सूक्ष्मदर्शकाखाली काही पाहता आलं. पुढे कलकत्त्यात रॉस यांना मदत करणाऱ्या किशोरीमोहन बंद्योपाध्याय यांना राजाचं सुवर्णपदक मिळालं, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. हुसेन खान मात्र वहीतल्या नोंदीपुरता राहिला.

आता कंपन्यांकडे येऊ. हैदराबाद औषधांची राजधानी कशी झाली याची सुरुवात बहुतेक जण १९८४ साली स्थापन झालेल्या डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीजपासून करतात. मी ती बाळानगरपासून करीन. १९६१ साली केंद्र सरकारने सोव्हिएत मदतीने इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स, म्हणजे आयडीपीएल, स्थापन केली. हृषीकेशला प्रतिजैविकं, मद्रासला शस्त्रक्रियेची उपकरणं आणि हैदराबादला, म्हणजे बाळानगरला, कृत्रिम रसायनांपासून बनणारी औषधं, अशी वाटणी झाली. आपल्या पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स त्याआधीची, १९५४ सालची. पिंपरीने देशाला पेनिसिलीन दिलं; बाळानगरने देशाला औषधं बनवणारी माणसं दिली.

हे दुसरं काम अधिक दूरगामी ठरलं. प्रयोगशाळेत चंचुपात्रात दहा ग्रॅम औषध करणं आणि रासायनिक भट्टीच्या मोठ्या टाकीत दहा टन करणं यांत फार मोठं अंतर आहे. तापमान दोन अंशांनी घसरलं तर अख्खी बॅच नासू शकते. द्रावक परत मिळवावा लागतो, नाहीतर किंमत परवडत नाही. स्फटिक नीट पडला नाही तर गोळी वळत नाही. हे पुस्तकातून येत नाही, भट्टीजवळ पाळ्या करून येतं. आयडीपीएलमध्ये शेकडो तरुण रसायनतज्ज्ञांनी सरकारी पगारावर हे शिकून घेतलं. १९७०चा पेटंट कायदा १९७२ साली लागू झाला. त्यात औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळत नसे, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. नवी पद्धत शोधली की तेच औषध कोणीही बनवू शकत होता. हातात विद्या आणि समोर मोकळं दार, असा योग जुळला आणि माणसं बाहेर पडून कारखाने काढू लागली.

डॉ. रेड्डीजचे संस्थापक अंजी रेड्डी त्यांतलेच. गुंटूरला पदवी, मग मुंबईत माटुंग्याची यूडीसीटी ही रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था, मग पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, पीएच.डी., आणि त्यानंतर आयडीपीएलची नोकरी. माटुंगा, पाषाण, बाळानगर ही वाट त्यांच्या एकट्याची नव्हती. ए. व्ही. रामाराव हेही यूडीसीटीचे आणि एनसीएलचे. १९८५ साली ते हैदराबादच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेचे, आजच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेचे (आयआयसीटी), संचालक झाले. एड्सवरच्या एझेडटी या औषधाची स्वस्त पद्धत त्यांच्या संस्थेने काढली आणि मुंबईच्या सिप्लाने ते बाजारात आणलं. २००१ साली सिप्लाने तीन औषधांचा एकत्रित उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्या त्याच उपचारासाठी दहा हजारांच्या वर घेत होत्या. आफ्रिकेतल्या लाखो माणसांच्या जगण्याशी या आकड्याचा थेट संबंध आहे. महाराष्ट्राने आणि हैदराबादने मिळून केलेलं हे काम आपल्याकडे जितकं सांगायला हवं तितकं सांगितलं जात नाही.

लशींची हकिगतही अशीच. वरप्रसाद रेड्डी मूळचे इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते. त्यांनी १९९३ साली शान्ता बायोटेक्निक्स काढली. कावीळ-बीच्या विषाणूच्या बाह्य आवरणातल्या प्रथिनाचा जनुक यीस्टच्या पेशीत घालायचा, यीस्ट टाकीत वाढवायचं, आणि त्यातून ते प्रथिन निर्मळ करून काढायचं, असं त्या लशीचं तंत्र. उस्मानिया विद्यापीठ आणि सीसीएमबी ही पेशी व रेणू जीवशास्त्राची संस्था यांच्या प्रयोगशाळांच्या आधाराने ते उभं राहिलं. १९९७ साली लस आली. परदेशी लशीची मात्रा ७००-८०० रुपयांना पडायची. शान्ताने ती ५०च्या घरात आणली. वरप्रसादांना २००५ साली पद्मभूषण मिळालं, ते योग्यच झालं. पण पुष्पमित्र भार्गवांनी १९७७ साली उभारलेली सीसीएमबी शेजारी नसती, तर एका अभियंत्याच्या जिद्दीला जीवशास्त्र कोणी पुरवलं असतं?

भारत बायोटेकच्या करोनावरच्या कोव्हॅक्सिन लशीचंही तेच. ती बनली हैदराबादजवळच्या जीनोम व्हॅली या जीवतंत्रज्ञान कंपन्यांच्या वसाहतीत, पण विषाणू वेगळा करून दिला तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने. टाळेबंदीत चाचणीसाठी माकडं मिळेनात, तेव्हा महाराष्ट्राच्या वनखात्याच्या मदतीने ती नागपूर परिसरात शोधून पकडावी लागली. माकडांमागे रानोमाळ फिरलेली ती माणसं कोण, हे बायोएशियाच्या व्यासपीठावरून कळत नाही.

पुरस्काराला माझा विरोध नाही. उलट उद्योजकाचं जाहीर कौतुक व्हायलाच हवं. औषधाच्या धंद्यात वर्षानुवर्षं पैसा गाडून ठेवायला छाती लागते आणि तरुणांना ती छाती दिसली पाहिजे. पण एकच चेहरा निवडला की शिकणाऱ्याला वाटतं, हे सगळं एका माणसाच्या बुद्धीतून निघालं. मग तो भट्टीजवळची पाळी करायला तयार होत नाही, आणि सरकारलाही प्रयोगशाळा पोसणं हा फुकटचा खर्च वाटू लागतो. आयडीपीएलचं हेच झालं. १९९२ साली तिची नोंद आजारी उद्योग म्हणून झाली आणि डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ती बंद करायचं ठरवलं. आज बाळानगरकडे आयडीपीएल हे नाव मुख्यतः एका वस्तीचं आणि बसथांब्याचं म्हणून उरलं आहे.

म्हणून जीनोम व्हॅली पुरस्काराच्या निवड समितीला माझं आग्रहाचं सांगणं आहे. दरवर्षी एका मोठ्या नावाबरोबर दुसरा पुरस्कार द्या: एखाद्या संस्थेला, एखाद्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला, एखाद्या भट्टीवरच्या पाळीप्रमुखाला. रूपाबाईंच्या नावाने तो सुरू करता येईल. आणि पहिल्या वर्षी तो आयडीपीएलच्या हयात असलेल्या कामगारांना आणि रसायनतज्ज्ञांना व्यासपीठावर बोलावून द्या. त्यांतले बरेच जण आता वयस्कर झाले आहेत, तेव्हा यात उशीर करू नये.