व्हेनिसचा नौकाविहार आणि त्याचे मोल

व्हेनिस नगरीचे नाव निघाले की डोळ्यांपुढे उभी राहते ती काळीभोर, लांबट, दोन्ही टोकांना वर उचललेली नौका. भारतीय प्रेक्षकांच्या मनावर हे चित्र ठसविले ते १९७९ सालच्या ‘द ग्रेट गॅम्बलर’ या हिंदी चित्रपटाने. अमिताभ बच्चन आणि झीनत अमान यांना घेऊन कालव्यातून संथपणे जाणारा गोंडोला आणि त्या प्रसंगाला लाभलेला आशा भोसले यांचा स्वर अजूनही अनेकांच्या स्मरणात आहे. पडद्यावरच्या नायकाला भाडे विचारावे लागत नाही. पण वर्षानुवर्षे पैसा साठवून युरोपच्या प्रवासास निघालेल्या जोडप्यापुढे तोच प्रश्न प्रथम उभा राहतो. प्रणयाच्या प्रसंगी पैशाची भाषा अरसिकपणाची वाटते आणि प्रश्न ओठांवरच राहतो. हा संकोचच पुष्कळदा महाग पडतो.

वस्तुतः संकोचाचे काही कारण नाही. गोंडोल्याचे भाडे नावाड्याच्या लहरीवर किंवा प्रवाशाच्या पोषाखावर ठरत नाही. ते व्हेनिसच्या नगरपालिकेने ठरवून दिलेले असते. १ नोव्हेंबर २०२३ पासून अंमलात आलेल्या दरपत्रकानुसार सकाळी ९ ते सायंकाळी ७ या वेळात ३० मिनिटांच्या फेरीस ९० युरो पडतात. सायंकाळी ७ नंतर रात्रीचा दर लागू होतो. तो ३५ मिनिटांस ११० युरो असा आहे. एका युरोचे शंभर रुपये धरून हिशेब केला, तर दिवसाची फेरी नऊ हजारांची आणि रात्रीची अकरा हजारांची होते. अर्ध्या तासासाठी ही रक्कम लहान नव्हे. म्हणूनच ती कशाची आहे, हे नीट समजून घेतले पाहिजे.

पहिली गोष्ट अशी की, हे भाडे माणशी नसून नौकेमागे आहे. एका गोंडोल्यात अधिकांत अधिक पाच प्रवासी बसू शकतात. पूर्वी ही मर्यादा सहाची होती; वाढत्या वजनाने नौका जड होतात म्हणून २०२० साली ती एकाने कमी करण्यात आली. पाच जणांनी मिळून दिवसाची फेरी घेतली तर प्रत्येकी १८ युरो पडतात. दोघांनीच घेतली तर प्रत्येकी ४५. तेव्हा एकांत हवा असेल, तर त्याची किंमत रिकाम्या राहिलेल्या तीन जागांच्या भाड्याएवढी होते, असे म्हणावयास हरकत नाही. सहलीच्या मंडळ्या पुष्कळदा माणशी दराने जागा विकतात. तो सौदा स्वस्त असतो, परंतु शेजारी तीन अनोळखी माणसे बसतात. दोन्हींत गैर काही नाही. मात्र आपण काय विकत घेत आहोत, हे नौकेत पाऊल टाकण्यापूर्वी ठाऊक असावे.

दुसरी गोष्ट वेळेची. सूर्यास्ताच्या सुमारास फेरी घ्यावी, असे बहुतेकांना वाटते. परंतु दरपत्रक सूर्याकडे पाहत नाही, घड्याळाकडे पाहते. जून महिन्यात व्हेनिसला सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. तेव्हा उन्हाळ्यातील सूर्यास्त हा रात्रीच्या दरात मोडतो. उलट डिसेंबरात साडेचारच्या सुमारासच दिवस संपतो. त्या दिवसांत सायंकाळी साडेपाच वाजता निघालेल्या जोडप्याला अंधारलेले पाणी, खिडक्यांतले दिवे आणि पुलांखालची शांतता हे सारे दिवसाच्या दरात लाभते. थंडी तेवढी सोसावी लागते.

तिसरी गोष्ट गाण्याची. गोंडोल्याचा नावाडी गातोच, हा समज चित्रपटांनी पसरविला. ठरीव भाड्यात गाणे येत नाही. गायक आणि अकॉर्डियन वाजविणारा हवा असेल, तर त्याची निराळी व्यवस्था करावी लागते आणि त्याचे निराळे पैसे मोजावे लागतात. अनेक नौका एकत्र निघतात तेव्हा पुष्कळदा एकाच नौकेत गायक बसतो आणि त्याचा स्वर सर्वांना ऐकू येतो.

फसगत होते ती प्रायः या तीन गोष्टी न विचारल्यामुळे. म्हणून धक्क्यावरच चार शब्द बोलून घ्यावेत : एकूण भाडे किती, फेरी किती मिनिटांची, मार्ग कोणता आणि गाणे आहे की नाही. अधिकृत धक्क्यांवर दरपत्रक लावलेले असते, त्यावर एकदा दृष्टी टाकावी. मध्यस्थामार्फत आधी पैसे भरल्यास त्याचे अधिक शुल्क पडू शकते. वेळ वाढविण्याचा विचार असेल, तर वाढीव भाडे आधीच ठरवावे. बक्षिशी ऐच्छिक आहे.

मार्गाचा विचारही महत्त्वाचा. मोठ्या कालव्यावर दुतर्फा जुने प्रासाद आहेत, परंतु तेथे यांत्रिक नौकांची वर्दळ असते आणि त्यांच्या लाटांनी गोंडोला हेलकावतो. आतल्या चिंचोळ्या कालव्यांत वल्ह्याचा आवाजही ऐकू येतो. ज्यांना निवांतपणा हवा त्यांनी आतली वाट मागावी. पुष्कळ जोडप्यांना ‘उसाशांच्या पुला’खालून जाण्याची हौस असते. त्याखाली सूर्यास्ताच्या वेळी चुंबन घेतल्यास प्रेम अक्षय राहते, अशी आख्यायिका प्रवाशांना सांगितली जाते. हा पूल जुन्या राजप्रासादाला तुरुंगाशी जोडतो आणि त्याच्या नावातले उसासे प्रेमिकांचे नसून कैद्यांचे मानले जातात. एवढे कळल्यावरही कोणास तेथून जावेसे वाटले तर त्याने खुशाल जावे. परंतु त्या परिसरात गर्दी फार असते, हे ध्यानात ठेवावे.

आता हे भाडे इतके का, हा प्रश्न उरतो. गोंडोला सुमारे अकरा मीटर लांब असतो. त्याचे सुमारे २८० भाग आठ प्रकारच्या लाकडांतून घडविले जातात. तो सरळ दिसला तरी सरळ नसतो. त्याची डावी बाजू उजवीपेक्षा सुमारे २४ सेंटिमीटर अधिक रुंद असते. नावाडी मागच्या टोकाशी उभा राहून उजवीकडे एकच वल्हे मारतो. दोन्ही बाजू सारख्या असत्या, तर नौका डावीकडे वळत राहिली असती. या मुद्दाम ठेवलेल्या वाकडेपणामुळेच ती सरळ जाते. वल्हे ज्या अक्रोडाच्या खुंटीवर टेकते, तिच्या निरनिराळ्या खोबणींतून पुढे जाणे, थांबणे, वळणे आणि मागे सरणे साधते. असे सुतारकाम करणारे कारखाने आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत.

नावाड्यालाही शिक्षण आणि परीक्षा यांतून जावे लागते. परवानाधारक नावाडी चारशेहून थोडेसेच अधिक आहेत. या व्यवसायात शतकानुशतके केवळ पुरुषच होते. २०१० साली प्रथमच एका स्त्रीला परवाना मिळाला. एकेकाळी गोंडोला हे नगराचे नित्याचे वाहन होते. श्रीमंतांच्या नौकांवरील थाटमाटाला आळा घालण्यासाठी सोळाव्या शतकात शासनाने निर्बंध घातले आणि काळा रंग रूढ झाला, असे सांगतात. आज नित्याची वाहतूक यांत्रिक नौकांनी उचलली आहे. गोंडोला, त्याचे सुतार आणि त्याचे नावाडी टिकून आहेत ते मुख्यतः प्रवाशांच्या या भाड्यावर. तेव्हा नव्वद युरोंत केवळ अर्ध्या तासाची मौज नसते. एका जुन्या कसबाचा चरितार्थही असतो.

तथापि ज्याच्या खिशाला हे झेपत नाही, त्याने खट्टू होऊ नये. व्हेनिसच्या मोठ्या कालव्यावर अवघे चार पूल आहेत. जेथे पूल दूर पडतो तेथे लोकांना पलीकडे नेणाऱ्या तरी चालतात, जशी पणजी आणि बेती यांच्या दरम्यान मांडवी नदीवर फेरीबोट चालते. व्हेनिसच्या या तरी म्हणजे साधे, अधिक माणसे घेणारे गोंडोलेच. दोन नावाडी ते वल्हवतात. बाहेरच्या प्रवाशास त्याचे दोन युरो पडतात. फेरी दोन-चार मिनिटांची असते. तीत ना गादी, ना गाणे, ना एकांत. पण पाणी तेच, वल्हे तेच आणि दोन्ही तीरांवरचे प्रासादही तेच.

दरपत्रकात नौकेचे, वेळेचे आणि श्रमाचे मोल लिहिलेले असते. ते आधी विचारून, समजून आणि मान्य करून जे दोघे नौकेत बसतात, त्यांच्या मनात हिशेब उरत नाही. मग तो अर्धा तास खरोखर त्यांचा असतो.