पोथीचे पाठभेद आणि काविळीचा विषाणु

कावीळ हें नांव वऱ्हाडांत घरोघरीं परिचित आहे. डोळे पिवळे दिसूं लागले, अन्नावरील वासना उडाली, कीं कावीळ उतरविणाऱ्याची चौकशी सुरू होते. कांहीं दिवसांनीं डोळे निवळतात आणि श्रेय उताऱ्याला मिळतें. दूषित पाण्यांतून होणारी कावीळ बहुधा आपोआपच बरी होत असल्यामुळें हा समज टिकून राहिला आहे. परंतु काविळीचा दुसरा एक विषाणु पाण्यांतून येत नाहीं. तो रक्तांतून, शरीरसंबंधांतून किंवा प्रसूतीच्या वेळीं मातेकडून बालकाकडे येतो. पुष्कळदां डोळे पिवळे न करतांच तो वर्षानुवर्षें यकृतांत बिऱ्हाड करून राहतो आणि अखेरीस यकृत कठीण करतो किंवा तेथें कर्करोग उत्पन्न करतो. हाच ‘हिपॅटायटिस बी’चा विषाणु होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२२ सालीं जगांतील सुमारें २५ कोटी ४० लक्ष माणसें हा विषाणु अंगांत बाळगून होतीं, आणि त्या एका वर्षांत सुमारें ११ लक्ष माणसें त्यापायीं दगावलीं.

इतका घातकी असूनहि हा विषाणु अत्यंत लहान आहे. अमेरिकन संशोधक डॉ. बारूच ब्लमबर्ग यांनीं १९६५ सालीं एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तांतील अपरिचित पदार्थाचें वर्णन प्रसिद्ध केलें. तें या विषाणूचें बाह्य आवरण असल्याचें पुढें सिद्ध झालें. १९७६ सालीं ब्लमबर्ग यांना नोबेल पारितोषिक मिळालें. मनुष्याच्या अनुवंशाचा ग्रंथ सुमारें तीनशें कोटि अक्षरांचा, तर या विषाणूचा केवळ ३,२०० अक्षरांचा! एवढ्याशा जागेंत चार जनुकें बसवावयाचीं, म्हणून तीं एकमेकांवर चढविलेलीं आहेत. श्लेषप्रधान काव्यांत एकाच ओळीचे दोन अर्थ निघावेत, त्याप्रमाणें येथें अक्षरांची एकच ओळ दोन रीतींनीं वाचली जाते आणि तिच्यांतून दोन निरनिराळे पदार्थ घडतात.

जगांतील सर्व हिपॅटायटिस बी विषाणु एकाच ठशाचे नाहींत. १९८८ सालीं जपानी संशोधकांनीं असें ठरविलें कीं, दोन विषाणूंच्या समग्र लेखनांत शेंकडा आठांहून अधिक अक्षरें भिन्न असलीं, तर ते दोन स्वतंत्र जनुकप्रकार समजावेत. त्या वेळीं ए, बी, सी आणि डी असे चार प्रकार झाले. आज ही गणना जे पर्यंत, म्हणजे दहांवर, गेली आहे. भारतांत डी व ए यांचें प्राबल्य आहे. पूर्वेकडील प्रांतांत सी हाहि आढळतो.

हे भेद पडतात कसे, हें समजण्यास अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूरचें स्मरण उपयोगी पडेल. महानुभाव पंथाचें हें पवित्र स्थान. म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’च्या हस्तलिखित पोथ्या निरनिराळ्या पाठांच्या मिळतात, हें अभ्यासकांस ठाऊकच आहे. हस्तलिखितांत पाठभेद दोन प्रकारांनीं शिरतात. एक, नकलकाराच्या हातून एखादें अक्षर चुकतें, आणि तीच चूक पुढील नकलांत उतरत जाते. दुसरा प्रकार अधिक विलक्षण आहे. नकलकारापुढें दोन पोथ्या उघड्या असतात. अर्धें प्रकरण एकीवरून उतरल्यावर त्याची नजर दुसरीवर जाते आणि उरलेला भाग तो तिच्यावरून लिहितो. तयार होणारी पोथी वाचतांना अखंड वाटते, परंतु तिचें कूळ एक नसतें.

विषाणूंच्या जगांत पहिल्या प्रकाराला उत्परिवर्तन म्हणतात. त्याचा दारुण अनुभव वऱ्हाडाला नुकताच येऊन गेला. फेब्रुवारी २०२१ मध्यें अमरावती व अकोला येथें करोनाचे रुग्ण एकाएकीं वाढले आणि पुन्हां टाळेबंदी करावी लागली. त्याच सुमारास महाराष्ट्रांत बी.१.६१७ नांवाची जी शाखा फैलावली, तिच्या काटेरी प्रथिनांत ४५२ व्या आणि ४८४ व्या जागीं बदल झालेले होते. डेल्टा ही तिचीच उपशाखा. तेथें अक्षरें बदललीं होतीं. दोन पोथ्या जोडल्या गेल्या नव्हत्या.

दुसऱ्या प्रकाराला पुनःसंयोग किंवा विषाणूंचा संकर म्हणतात, आणि हिपॅटायटिस बी मध्यें तो वारंवार दिसून येतो. त्यास दोन गोष्टी जुळून याव्या लागतात. एकाच माणसास दोन जनुकप्रकारांची बाधा व्हावी लागते, आणि ते दोन्ही यकृताच्या एकाच पेशींत शिरावे लागतात. हा विषाणु आपल्या डी.एन.ए. ची प्रथम आर.एन.ए. मध्यें नक्कल करवितो आणि तिच्यावरून पुन्हां डी.एन.ए. तयार करतो. या कामांत नकलकार-प्रथिनाला एका जागेवरून दुसऱ्या जागीं उडी घ्यावीच लागते. तेव्हां कधीं तें शेजारच्या दुसऱ्या पोथीवर जाऊन पडत असावें. शिवाय तुटलेला डी.एन.ए. सांधण्याची पेशीची स्वतःची व्यवस्था असते. तिच्याकडूनहि असे जोड पडणें शक्य आहे. हे सांधे पुष्कळदां जनुकांच्या सीमांजवळ आढळतात, आणि त्याचें कारण उघड आहे. श्लेषाच्या ओळींत एक अक्षर बिघडलें तर दोन अर्थ बिघडतात. पण सख्ख्या भावाच्या पोथींतील सिद्ध प्रकरणच्या प्रकरण उचललें, तर दोन्ही अर्थ शाबूत राहूं शकतात.

याचीं उदाहरणें आशियांत विपुल आहेत. तिबेटांत सी व डी यांचा संकर प्रचलित आहे. आशियाच्या बहुतेक भागांतील बी प्रकाराच्या पोटांत सी प्रकाराचा तुकडा आहे, पण जपानांतील बी मध्यें तो नाहीं. व्हिएतनाम व लाओस येथील आय हा प्रकार तर ए, सी आणि जी यांच्या मिश्रणांतूनच झालेला मानतात. महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी गोष्ट ही कीं, अरुणाचल प्रदेशांतील इदु मिश्मी जमातींत हाच प्रकार असल्याचें पुण्याच्या राष्ट्रीय विषाणु संस्थेच्या डॉ. विद्या अरणकल्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१० सालीं दाखवून दिलें. वस्तीपासून दूर डोंगरांत राहणाऱ्या या लोकांच्या रक्तांत व्हिएतनामशीं नातें सांगणारा लेख निघावा, हें मोठें नवल आहे.

संकर ओळखण्याची रीत पाठचिकित्सकाचीच आहे. समग्र लेखन उतरून घ्यावें, त्याचे लहान लहान तुकडे पाडावे आणि प्रत्येक तुकडा कोणत्या कुळाशीं जुळतो तें पाहावें. आरंभ डी शीं व मध्य ए शीं जुळला, तर सांधा सांपडला. म्हणूनच केवळ एका जनुकावरून प्रकार ठरविणें फसवें असतें. उलट दिशेनेंहि सावधगिरी हवी. एकाच रक्तांत दोन प्रकार शेजारीं असले, तर प्रयोगशाळेंत नकला वाढवितांना तेथेंच खोटे सांधे पडूं शकतात.

या सूक्ष्म विद्येचा संसारी माणसास उपयोग काय? जनुकप्रकाराप्रमाणें रोगाची गति आणि औषधाचा गुण यांत फरक पडतो. इंटरफेरॉनचा गुण ए प्रकारांत जितका येतो तितका डी मध्यें येत नाहीं. मात्र संकराच्या नांवानें भयभीत होण्याचें कारण नाहीं. प्रतिबंधक लस विषाणूच्या आवरणाच्या ज्या भागावर आधारलेली आहे, तो भाग सर्व प्रकारांत बव्हंशीं समान असल्यामुळें ती सर्वांपासून रक्षण करते. भारतांत २०११ पासून ती सर्व प्रांतांच्या नित्य लसीकरणांत आहे. तिची पहिली मात्रा जन्मानंतर चोवीस तासांच्या आंत मिळणें अगत्याचें आहे. कारण जन्मतः बाधा झालेल्या बालकांपैकीं शेंकडा नव्वदांत ती कायमची ठाण मांडून बसते, तर प्रौढांत हें प्रमाण शेंकडा पांचांहून कमी असतें. २८ जुलै २०१८ रोजीं सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांतून तपासणी व औषधें मोफत देण्याची व्यवस्था करण्यांत आली आहे.

ज्या घरांत एकाला ही बाधा असल्याचें कळेल, त्या घरांतील इतर सर्वांनीं रक्त तपासून घ्यावें, आणि गर्भवतीनें तर तें अवश्य तपासावें. एकदां वापरलेली सुई दुसऱ्याच्या अंगांत जातां कामा नये. वस्तरा व दांतांचा ब्रश ज्याचा त्याचा असावा. दोन पोथ्या एका चौरंगावर येऊंच दिल्या नाहींत, तर तिसरी लिहिली जाणार नाहीं. आणि बालकाला वेळेवर लस मिळाली, तर पहिलीहि त्याच्या घरीं येणार नाहीं.