पाणी ओसरल्यावर घरातला विजेचा बोर्ड कसा तपासावा



पूर ओसरला म्हणजे आपले पाय पहिल्यांदा शेताकडे वळतात. सोयाबीन उभे आहे की आडवे झाले, हळदीच्या सऱ्यांत पाणी तुंबले का, बांध कुठे फुटला, हे बघावेच लागते. पण त्या गडबडीत घरातली एक जागा बघायची राहून जाते. ती म्हणजे भिंतीवरचा विजेचा बोर्ड. संध्याकाळी लाईट येते, मोबाईल उतरलेला असतो, फवारणीचा बॅटरी पंप सकाळी लागणार असतो, आणि घरातले कोणीतरी ओल्या पायांनी जाऊन बोर्डात पिन खुपसते. पुराने जे केले नाही ते मग त्या एका पिनेने होते.

आपल्या हिंगोली जिल्ह्याला हा प्रसंग नवा नाही. जुलै २०२२ मध्ये वसमत तालुक्यातील कुरुंद्यात पावसाचे पाणी घराघरांत शिरले. सप्टेंबर २०२४ च्या सुरुवातीच्या अतिवृष्टीत कयाधूला पूर आला. पैनगंगेच्या काठावरच्या गावांना तर वरून इसापूर धरणाचे पाणी सुटले की जागेच राहावे लागते. म्हणून ही माहिती पावसाळ्यापुरती तरी घरात सर्वांना वाचून दाखवावी.

वरून वाळले म्हणजे आतून वाळले नाही

ज्याला आपण नुसता ‘प्लग’ म्हणतो, त्या तीन भोकांच्या सॉकेटच्या आत पितळी पट्ट्या असतात. त्यांच्यामधले अंतर जेमतेम बोटाएवढे. निव्वळ शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. पुराचे पाणी मात्र शुद्ध नसते. त्यात काळी माती, गोठ्यातले मूत, खतातले क्षार असे सगळे असते. पाणी निघून गेले तरी हा गाळ पट्ट्यांच्या मध्ये चिकटून बसतो. दुपारच्या उन्हात तो कोरडा वाटतो, पण रात्रीच्या गारव्यात हवेतली ओल पुन्हा ओढून घेतो. मग त्यातून थोडी थोडी वीज झिरपू लागते, गाळ तापतो, प्लास्टिक करपते, आणि करपलेल्या जागी विजेला वाट पडते. असा सॉकेट आठ दिवस बिनबोभाट चालून नवव्या दिवशी पेटू शकतो. ‘आमचा बोर्ड पुरात बुडाला होता, तरी चालू आहे’ असे कोणी सांगितले तर त्यावर भरवसा ठेवू नये.

दुसरा गैरसमज फ्यूजचा. फ्यूज किंवा एमसीबी आहे म्हणजे माणूस वाचतो असे पुष्कळांना वाटते. हिशेब करून बघा. घरचा फ्यूज ५ अँपिअरचा धरला तर ते झाले ५००० मिलिअँपिअर. माणसाच्या अंगातून १०-१५ मिलिअँपिअर वीज गेली तरी पकडलेली मूठ सुटत नाही, आणि ५० च्या पुढे गेली तर हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो. फ्यूज वायर वाचवतो. माणूस वाचवणे त्याचे काम नव्हे. ते काम करणारे यंत्र वेगळे आहे. त्याला आरसीसीबी म्हणतात. घरासाठी ते ३० मिलिअँपिअरचे घ्यावे लागते. जेवढी वीज गेली तेवढी परत आली नाही, म्हणजे कुठेतरी झिरपली, हे ओळखून ते डोळ्याचे पाते लवायच्या आत पुरवठा तोडते. बियाण्याच्या एका पिशवीला आपण मागेपुढे बघत नाही, त्याच हाताने हे यंत्र एकदा बसवून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हात लावण्यापूर्वी

घरात पाणी असेल, किंवा जमीन चिखलाने ओली असेल, तर मेन स्विचलाही हात लावू नका. मीटर व मेन स्विच स्वतःच बुडालेले असतील तर ते आपले काम नाही. गावच्या लाईनमनला सांगावे किंवा महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवावे, आणि खांबावरूनच पुरवठा तोडून घ्यावा. डीपीचा फ्यूज स्वतः काढायला जाणारे गावोगाव असतात. त्यांना आवरा.

मेन स्विच कोरडा असेल तर कोरड्या चपला घालून, कोरड्या पाटावर किंवा फळीवर उभे राहून तो बंद करावा. ‘लाईट गेलेलीच आहे’ म्हणून बंद न करता कामाला लागू नये. गेलेली लाईट सांगून येत नाही. इन्व्हर्टर असेल तर त्याचाही स्विच बंद करून त्याची जोडणी सोडवावी. मेन बंद केला तरी इन्व्हर्टर बोर्डात वीज सोडत राहतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. छपरावर सोलरची पाटी असेल तर तिचीही तीच गोष्ट.

आता टेस्टर. आधी तो शेजारच्या कोरड्या, चालू बोर्डात लावून बघावा. दिवा लागला म्हणजे टेस्टर धड आहे. मग आपल्या बोर्डाची तिन्ही भोके तपासावीत, आणि पुन्हा एकदा चालू बोर्डात तपासावा. बंद पडलेल्या टेस्टरने ‘करंट नाही’ असे सांगितल्याने माणसे फसतात. बोर्डावरचे बटन बंद केले एवढ्याने भागत नाही. काही घरांत बटन चुकून न्यूट्रलच्या वायरीवर बसवलेले असते. मग बटन बंद असले तरी सॉकेट जिवंत राहतो.

कोणता बोर्ड बदलायचा

भिंतीवर पाण्याची रेघ उमटलेली असते. त्या रेघेखालचा प्रत्येक सॉकेट आणि बटन बदलावयाचे. यात चर्चा नको. धुऊन, उन्हात वाळवून, रॉकेलने पुसून तोच परत बसवण्याचा मोह होतो; पण आतली स्प्रिंग गंजते, पट्टीची पकड सुटते आणि ढिल्या पकडीत पिन तापते. रेघेच्या वर हातभर अंतरातले बोर्ड उघडून बघावेत, कारण ओल भिंतीतून वर चढते. मातीच्या भिंतीत तर फारच. छपरातून गळून आलेले पाणी वायरीच्या नळीतून उतरते, म्हणून गळक्या घरात रेघ नसली तरी बोर्ड उघडावा.

स्क्रू काढून बोर्ड पुढे ओढला की आत नीट बघा. गाळ, पितळेवर हिरवट थर, करपल्याचा डाग वा वास, वायरीचे काळे पडलेले टोक, यांपैकी काहीही दिसले तर तो बोर्ड गेला असे समजावे. बोर्डाची पेटी पुसून उघडीच ठेवावी व भिंत वाळू द्यावी. सिमेंटच्या भिंतीलाही वेळ लागतो, मातीच्या भिंतीला त्याहून पुष्कळ जास्त. चूल, स्टोव्ह किंवा जाळ लावून वाळवू नये.

सॉकेट बसवताना

कायद्याप्रमाणे घरचे वायरिंग परवानाधारक वायरमननेच करावयाचे असते. बिघडलेला सॉकेट काढून त्याच जागी तसाच नवा बसवणे हे जाणत्या माणसाला करता येते. तरीही ज्याने हे काम कधी केले नाही त्याने पुरानंतरच्या ओल्या घरात शिकायला बसू नये. वायरमन काम करीत असताना जवळ उभे राहून पुढच्या गोष्टी होतात की नाही हे बघितले तरी पुष्कळ झाले.

जुना सॉकेट सोडण्याआधी मोबाईलवर त्याचा फोटो काढावा. वायरीचे काळे टोक तांबे चकचकीत दिसेपर्यंत कापावे. हातभर कापूनही तांबे काळेच निघाले तर पाणी वायरीच्या आत शिरले आहे. ती वायर पूर्ण बदलावी. नवा सॉकेट आयएसआय शिक्क्याचा घ्यावा. सॉकेट समोर धरला असता वरचे मोठे भोक अर्थिंगचे, उजवीकडचे फेजचे आणि डावीकडचे न्यूट्रलचे. आपल्याकडे साधारणपणे लाल वायर फेजची, काळी न्यूट्रलची व हिरवी अर्थिंगची असते. पण जुन्या घरांत जी हाताला लागली ती वायर ओढलेली असते, तेव्हा रंगावर विसंबू नये. बटन फेजवरच यावे. स्क्रू घट्ट आवळून प्रत्येक वायर ओढून पाहावी, तांब्याचा एकही धागा बाहेर राहू देऊ नये. बोर्डाच्या आत जोड देऊन चिकटपट्टी गुंडाळणे म्हणजे पुढच्या पावसाची तयारी होय. वायरमनकडे मेगर असेल तर वायरिंगची चाचणी मागून घ्यावी. त्यात १ मेगओहमपेक्षा कमी आले तर भिंतीत अजून ओल आहे. वीज सोडण्याची घाई नको.

पुराची रेघ एकदा बघितली आहे, तर नवे बोर्ड तिच्यावर हातभर उंच घ्यावेत आणि वायर वरून खाली उतरवावी.

अर्थिंगचा विषय

मोठ्या भोकातली हिरवी वायर पुष्कळ घरांत कुठेच जोडलेली नसते, तर काही घरांत याहून वाईट चालते. न्यूट्रल गेला की अर्थिंगच्या खड्ड्यावर दिवे चालवतात. असे केले की अर्थिंगची वायर, तिला जोडलेले पत्रे, कुलरची टाकी, सगळे करंट धरू शकते. ओल्या अंगणात खड्ड्याजवळून जाणाऱ्यालाही झटका बसतो. हे आजच बंद करावे. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा अर्थिंगची पट्टी मातीपासून सुटते. म्हणून पावसाळ्यात चालणारे अर्थिंग उन्हाळ्यातही चालेल असे नाही. खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे, आणि पुरानंतर पट्टीला जोडलेली वायर गंजून तुटली नाही ना, हे बघावे.

पुरवठा परत सुरू करताना सर्व उपकरणे काढून ठेवावीत. आधी मेन, मग आरसीसीबी, मग एकेक एमसीबी वर करावा. एखादा पडला तर तो पुन्हा पुन्हा वर ढकलू नये, त्या खोलीचा दोष शोधावा. सुरुवातीचे दोन दिवस सॉकेटमधून चरचर आवाज, वास किंवा उष्णता येते का, यावर लक्ष ठेवावे. आरसीसीबीवरचे ‘टेस्ट’ बटन महिन्यातून एकदा दाबून बघावे. दाबताच पुरवठा तुटला पाहिजे.

कोणाला करंट लागला तर त्याला हाताने ओढू नये. आधी मेन बंद. ते जमले नाही तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला सोडवावे. नंतर १०८ वर गाडी बोलवावी, आणि श्वास चालत नसेल तर गाडी येईपर्यंत छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात दाब देत राहावे, मिनिटाला १०० ते १२० वेळा.

गोठ्यातल्या बोर्डाकडे, कडबा कुट्टीच्या वायरीकडे आणि पत्र्याला घासणाऱ्या सर्व्हिस वायरीकडेही याच नजरेने बघावे. जनावराला माणसापेक्षा कमी व्होल्टेज पुरते. त्याचे चारी पाय ओल्या जमिनीवर फाकलेले असतात. म्हैस हौदाला तोंड लावीनाशी झाली, किंवा बैल दावणीकडे जायला बिचकू लागला, तर दृष्ट काढत न बसता आधी गोठ्याची लाईन तोडावी आणि वायरमनला बोलवावे.