द्राक्षांच्या मुलुखातून सावकाश

दक्षिण ऑस्ट्रेलियाची राजधानी अ‍ॅडलेड सोडून ईशान्येला सुमारे सत्तर किलोमीटर गेले, की बरोसा नावाचे द्राक्षांचे खोरे लागते. तेथून उत्तरेकडे कपुंडा, ऑबर्न, क्लेअर अशी लहान लहान गावे ओलांडीत गेल्यास तांब्याच्या जुन्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेले बर्रा हे गाव येते. हा सारा पल्ला मोटारीने एका दिवसात उरकण्याजोगा आहे आणि पुष्कळ प्रवासी तो तसा उरकतातही. परंतु ज्याला हा मुलूख समजून घ्यावयाचा आहे त्याने मोटारीमागे कॅरव्हॅन जोडावी, आठ-दहा दिवसांची सवड काढावी आणि बहुतेक गावी किमान एक मुक्काम करावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

कॅरव्हॅन म्हणजे चाकांवरची खोली. तीत बिछाने, गॅसची शेगडी, फ्रिज आणि पाण्याची टाकी अशी संसाराची किमान तजवीज असते. ती मोटारीच्या मागील आकड्याला जोडताना तिच्या एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा आकड्यावर यावा, असा तेथील शिरस्ता आहे. जड सामान मागच्या टोकाला भरले, तर वेग वाढताच ती डोलू लागते आणि मोटारीलाही खेचू पाहते, म्हणून असे सामान चाकांच्या आसाजवळ, तळाशी रचतात. गावोगावी कॅरव्हॅनचे तळ आहेत. तेथे विजेची जोडणी, नळ, स्नानगृहे आणि सांडपाणी रिकामे करण्याची स्वतंत्र जागा मिळते. निवृत्तीनंतर महिनोन्‌महिने असे फिरणाऱ्या वृद्ध दांपत्यांना ऑस्ट्रेलियात ‘ग्रे नोमॅड्स’ म्हणतात. संध्याकाळी तळावरच्या सामाईक स्वयंपाकघरात त्यांच्याशी गाठ पडली, की पुढच्या गावातला चांगला खाटीक कोण आणि कोणत्या चढावर गाडी दमते, याची जी माहिती मिळते ती कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेत नसते.

बरोसातील युरोपीय वस्तीचा इतिहास धर्मनिष्ठेपासून सुरू होतो. मुळात हा पेरामांक, नगाजुरी आणि कौर्ना या आदिवासी जनांचा प्रदेश. प्रशियाचा राजा तिसरा फ्रीडरिख विल्हेल्म याने लूथरपंथी आणि सुधारणावादी चर्चे एकत्र करून त्यांवर एकच उपासनाविधी लादला, तेव्हा ज्या लूथरपंथीयांना हा राजहुकूम मान्य झाला नाही, त्यांच्यापैकी काहींनी पास्टर आउगुस्ट कावेल यांच्या नेतृत्वाखाली देशत्याग केला, जॉर्ज फाइफ अँगस या इंग्रज धनिकाच्या अर्थसाह्याने जहाजे मिळविली आणि १८३८ साली नव्यानेच स्थापन झालेल्या दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वसाहतीत पाऊल ठेवले. १८४२ साली बेथनी आणि पाठोपाठ लँगमाइल ही त्यांची गावे बरोसात वसली. लँगमाइल आता टनुंडा गावाचाच भाग आहे. तेथील गोट स्क्वेअर या जुन्या चौकाभोवतालची बुटकी घरे आणि चर्चच्या आवारातील जर्मन लेखांचे थडग्यांचे दगड पाहताना या माणसांनी गावाबरोबर आपली भाषाही येथे रुजविली होती, हे ध्यानी येते. पहिल्या महायुद्धात मात्र त्याच भाषेचा संशय आला. १९१७ साली सरकारने लूथरपंथी शाळा बंद केल्या, आणि त्याच वर्षीच्या कायद्याने ६९ जर्मन स्थलनामे बदलली गेली. लँगमाइलचे नाव बिल्यारा झाले. मूळ नाव परत मिळावयास १९७५ साल उजाडावे लागले.

या खोऱ्यातले खरे नवल वेलींच्या वयाचे आहे. लँगमाइल येथे शिराझ जातीच्या काही वेली १८४३ साली लावल्या गेल्याचे मानतात आणि त्या अजून फळ देतात. अशा वेलीजवळ बसून पाहावे: खोड मांडीएवढे जाड, पिळवटलेले, साल धाग्याधाग्यांनी सुटलेली, मधला गाभा कित्येकदा पोकळ झालेला, आणि त्याच खोडाच्या माथ्यावर वसंतात कोवळे हिरवे फुटवे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा या मुळे शोषणाऱ्या सूक्ष्म किडीने युरोपातील द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हा तेथील बागायतदारांना अमेरिकी वेलींच्या खुंटांवर कलमे करूनच पुन्हा उभे राहता आले. १८७७ साली ही कीड शेजारच्या व्हिक्टोरियात आढळली. परंतु १८९९ सालचा कायदा आणि वेलींच्या वाहतुकीवरील कडक निर्बंध यांमुळे दक्षिण ऑस्ट्रेलियात तिचा शिरकाव आजतागायत झालेला नाही, आणि म्हणून बरोसातल्या या वेली स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. नाशिकच्या बागायतदाराला याचे अप्रूप विशेष वाटावे. कारण त्याची वेल बहुधा डॉगरिजच्या खुंटावर कलम केलेली, आणि एप्रिलची खरड छाटणी व ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा दोन छाटण्या सोसणारी. बरोसातली वेल हिवाळाभर निजते आणि वर्षाकाठी एकदाच छाटली जाते. बागेत शिरण्यापूर्वी परवानगी घ्यावी, कारण बुटांच्या तळव्याला चिकटलेल्या मातीतूनही कीड पसरू शकते.

१९८० च्या दशकात मालाला उठाव नव्हता, म्हणून सरकारने वेली उपटणाऱ्यांना पैसे दिले आणि शतकभर जगलेल्या कित्येक बागा नाहीशा झाल्या. हे मला अतिशय दुःखद वाटते. त्याच्या थोडे आधी, कंपनीतील वरिष्ठांनी शेतकऱ्यांची द्राक्षे घेण्यास मनाई केली असता, पीटर लेमन या वाइननिर्मात्याने तोंडी दिलेला शब्द पाळण्यासाठी स्वतःचा कारखाना उभारून ती द्राक्षे घेतली. टनुंडातले जुने शेतकरी त्यांचे नाव आदराने घेतात. सेपल्ट्सफील्ड येथे याहूनही दीर्घ धीर पाहावयास मिळतो. १८७८ साली बेनो सेपल्ट यांनी पोर्टच्या मद्याचे एक पिंप शंभर वर्षे उघडावयाचे नाही असा संकल्प करून बाजूला ठेवले. पुढे दरवर्षी तसे एक पिंप ठेवले जाऊ लागले आणि १९७८ पासून दरवर्षी एकेक शंभरी पुरी होत आहे. तेथे जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा खजुरीची झाडे आहेत. १९३० च्या मंदीत कामगारांना घरी न पाठविता त्यांच्याकडून ती लावून घेतली गेली. रक्तातील मद्याची कायदेशीर मर्यादा तेथे ०.०५ असल्याने चव घेणाऱ्यासाठी थुंकण्याचे भांडे ठेवलेले असते. गाडी चालविणाऱ्याने त्याचा उपयोग अवश्य करावा.

कपुंडा भरभर ओलांडले तरी चालेल. ऑबर्नला मात्र कॅरव्हॅन ठेवून सायकल घ्यावी. १९८३ च्या वणव्यात नुकसान झालेल्या लोहमार्गाचे रूळ काढून त्या जागी क्लेअरकडे जाणारी पायवाट केली आहे. ती रीसलिंग जातीच्या द्राक्षांच्या बागांमधून जाते. वाटेत सेव्हनहिल लागते. तेथे ऑस्ट्रियातून आलेल्या जेझुइट धर्मगुरूंनी १८५१ साली चर्चच्या पवित्र विधीसाठी वाइन करावयास आरंभ केला, आणि ते काम आजही चालू आहे.

बर्रा येथे वाइन नाही. १८४५ साली सापडलेले तांबे आहे. कॉर्नवॉलहून आलेल्या खाणकामगारांना घरे पुरेनात, तेव्हा त्यांनी ओढ्याच्या काठात गुहा खोदल्या. १८५१ च्या सुमारास तेथे सुमारे १८०० माणसे राहत होती. माहिती केंद्रात शुल्क भरले, की प्रवाशाच्या हाती एक किल्ली देतात. तिने रेड्रुथचा जुना तुरुंग, मद्यनिर्मितीच्या कारखान्याचे तळघर, खाणीचा परिसर अशी कुलपे आपण स्वतः उघडावयाची आणि पाहून झाल्यावर पुन्हा लावावयाची. पाहुण्यावर इतका विश्वास टाकणारे पर्यटनस्थळ माझ्या माहितीत दुसरे नाही.

१८६५ साली मोजणी खात्याचे प्रमुख जॉर्ज गॉयडर यांनी, झुडपांच्या जाती कोठे बदलतात हे घोड्यावरून हिंडून पाहत, पिकाला पुरेसा पाऊस कोठवर भरवशाचा आहे याची हद्द नकाशावर आखून दिली. ती बर्राच्या जवळूनच जाते. पुढे चांगल्या पावसाची काही वर्षे आली, सरकारने हद्दीपलीकडे शेतीची मुभा दिली, आणि १८८० च्या दशकातील दुष्काळांनी ती शेते मोडली. त्या शेतकऱ्यांची छप्परहीन दगडी घरे अजून उभी आहेत. ती पाहावयास मातीच्या रस्त्यांना लागावे लागते, म्हणून कॅरव्हॅन बर्राच्या तळावर ठेवून नुसती मोटार न्यावी, पाणी भरपूर घ्यावे, आणि आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर रस्ते सुकेपर्यंत एक दिवस थांबावे.