संगणक बंद होईना? शेजारची छोटी पेटी तपासा

रायपूरच्या उत्तरेस, बिलासपूरकडे जाणाऱ्या महामार्गालगत सिलतरा ही औद्योगिक वसाहत आहे. लोहखनिजापासून स्पंज आयर्न तयार करणारे कारखाने, पोलाद वितळविणाऱ्या इंडक्शन भट्ट्या आणि रोलिंग मिल ही या वसाहतीची ओळख. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून या प्रदेशाशी मराठी माणसाचा संबंध आहे आणि रायपूर परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. अशा वसाहतीतील एखाद्या लघुउद्योगाचे कार्यालय आपण डोळ्यांसमोर आणू या.

टेबलावर एकच संगणक आहे. वजनकाट्याचा आकडा त्यातच येतो, पावत्या त्यावरच छापल्या जातात, मालवाहतुकीचे ई-वे बिल त्यावरच तयार होते आणि बँकेचे व्यवहारही त्यावरूनच होतात. प्रिंटर, बारकोड वाचणारे यंत्र, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, बाह्य हार्ड डिस्क अशी एकेक वस्तू वाढत गेली, संगणकाचे पोर्ट अपुरे पडू लागले आणि कोणीतरी बाजारातून एक यूएसबी हब आणला. त्याला स्वतःचा अ‍ॅडॅप्टरही आहे. सोय झाली, परंतु त्यानंतर सायंकाळी संगणक बंद करण्याची आज्ञा दिली की पडदा काळा होतो, मात्र पंखा फिरतच राहतो. कधी संगणक बंद होऊन आपोआप पुन्हा सुरू होतो, तर कधी भर कामात अचानक बंद पडतो.

अशा वेळी बहुतेक जण दोन गोष्टी करतात. एक तर बटण दाबून धरून संगणक सक्तीने बंद करतात, किंवा ‘संगणकच बिघडला’ असे मानून दुरुस्तीस पाठवितात. पहिल्या उपायाने हिशेबाच्या फाइलला इजा होऊ शकते आणि दुसऱ्याने पैसे व दिवस दोन्ही वाया जाऊ शकतात, कारण दोष संगणकात नसून हबमध्ये असण्याचा बराच संभव असतो. तो कसा ओळखावा, हे समजून घेणे कठीण नाही.

पाच व्होल्टचा करार

यूएसबीचा पहिला मानक दस्तऐवज जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. इंटेल कंपनीत ज्यांच्या नेतृत्वाखाली हे तंत्र आकारास आले, ते अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. प्रत्येक उपकरणाला वेगळ्या आकाराची जोडणी लागत असे, ती अडचण या एका जोडणीने दूर केली. यूएसबी २.० प्रकारच्या केबलमध्ये मुख्यतः चार तारा असतात. दोन माहितीसाठी, एक पाच व्होल्ट विजेसाठी आणि एक परतीच्या मार्गासाठी.

या विजेला मर्यादा आहे. यूएसबी २.० चा एक पोर्ट ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट इतकी वीज देतो. २००८ मध्ये आलेल्या यूएसबी ३.० ने ही मर्यादा ९०० मिलिअँपिअरपर्यंत नेली. एका पोर्टची वीज चार उपकरणांत वाटली तर ती पुरत नाही, म्हणूनच स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेले हब निघाले. अशा हबमध्ये माहिती संगणकाकडून येते आणि उपकरणांना लागणारी वीज अ‍ॅडॅप्टरकडून.

येथे मानकाचा एक नियम महत्त्वाचा आहे. वीज संगणकाकडून उपकरणाकडे जावी. हबच्या अ‍ॅडॅप्टरची वीज उलट संगणकाकडे कधीही जाऊ नये. त्यासाठी हबमध्ये दोन्ही वीजमार्ग परस्परांपासून वेगळे ठेवावे लागतात. काही स्वस्त हबमध्ये हा खर्च वाचविण्यासाठी दोन्ही मार्ग सरळ एकत्र जोडलेले असतात. परसदाराला झडप नसल्यावर पाणी घरात शिरावे, तशी ही वीज संगणकात मागून शिरते.

उलट्या विजेचे परिणाम

संगणक बंद होतो, तेव्हा त्याचा वीजपुरवठा करणारा भाग मुख्य मंडलाची वीज तोडतो व केवळ पुढच्या वेळी बटण ओळखता यावे इतकी अल्प वीज चालू ठेवतो. हबमधून पाच व्होल्ट मागून येत राहिले, तर मुख्य मंडलाचा काही भाग अर्धवट जागा राहतो. कळफलकाचा दिवा जळत राहतो किंवा पंखा मंद फिरतो. सकाळी बटण दाबल्यावर संगणक सुरूच होत नाही असेही घडते, कारण वीज पूर्ण गेली होती हे त्याला कळलेलेच नसते. २०१२ साली आलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या सुरुवातीच्या काही आवृत्त्या तर हबमधून अशा उलट येणाऱ्या विजेवरच चालू होत असत.

आपोआप पुन्हा सुरू होण्याचे कारण बहुधा वेगळे असते. कळफलक वा माऊस यांसारखे उपकरण संगणकाला ‘जागे’ करू शकते, अशी सोय त्यात असते. औद्योगिक वसाहतीत मोठा भार सुरू होताना विजेचा दाब क्षणभर खाली जाणे नवे नाही. संगणक यूपीएसवर असल्याने त्याला हा झटका जाणवत नाही. परंतु हबचा अ‍ॅडॅप्टर भिंतीवरील साध्या सॉकेटमध्ये असेल, तर हब क्षणभर बंद पडून पुन्हा चालू होतो. त्याला जोडलेली उपकरणे नव्याने जोडल्यासारखी भासतात आणि ती जाग आणणारी खूण संगणकापर्यंत पोहोचू शकते. हा हब हिशेबाची प्रत घेणाऱ्या हार्ड डिस्कला जोडलेला असेल, तर भर दिवसा ती प्रतही अपुरी राहू शकते.

‘बंद होत आहे’ हा संदेश बराच वेळ हटत नसेल, तर एखादे उपकरण वा त्याचा ड्रायव्हर थांबण्याच्या आज्ञेला उत्तर देत नाही, असे समजावे. आणि संगणक अचानक बंद पडत असेल, तर अतिप्रवाहाची शंका घ्यावी. यूएसबी उपकरणात अतिप्रवाह आढळल्याने १५ सेकंदांत यंत्रणा बंद होईल, अशी सूचना काही मुख्य मंडले पडद्यावर देतात. ही सूचना म्हणजे बिघाड नव्हे. ते संरक्षण होय. वाकलेला पोर्ट, सोललेली केबल किंवा आत शिरलेला धातूचा कण हे त्याचे मूळ असू शकते. पोलादाच्या कारखान्यानजीक पोर्ट स्वच्छ ठेवणे म्हणूनच अगत्याचे.

क्रमाने तपासणी

तपासणीपूर्वी सर्व कामे जतन करून हिशेबाची प्रत घ्यावी. पुढील प्रत्येक पायरीनंतर संगणक किमान तीनदा बंद करून पाहावा, कारण असा दोष दर वेळी दिसतोच असे नाही.

१. हबची संगणकाकडील केबल काढावी. केवळ अ‍ॅडॅप्टर काढणे पुरेसे नाही. संगणक आता सुरळीत बंद होत असेल, तर दोष हब किंवा त्यावरील उपकरणांत आहे. तरीही होत नसेल, तर शोध अन्यत्र घ्यावा.

२. हब अ‍ॅडॅप्टरसह पुन्हा जोडावा, परंतु त्यावर एकही उपकरण ठेवू नये. अडचण परत आली तर संशय सरळ हबवर येतो.

३. अ‍ॅडॅप्टर काढून फक्त केबल ठेवावी. आता संगणक नीट बंद होत असेल, तर उलट्या विजेची शक्यता फार मोठी आहे.

४. खात्रीसाठी मल्टिमीटर असलेल्या तंत्रज्ञाची मदत घ्यावी. अ‍ॅडॅप्टर चालू ठेवून हबची केबल संगणकातून काढावी आणि तिच्या मोकळ्या टोकावर दाब मोजावा. तेथे पाच व्होल्टच्या जवळपास दाब आढळला, तर हब सदोष आहे. तो वापरातून काढावा.

५. हब निर्दोष ठरल्यास उपकरणे एकेक करून जोडावीत. ज्या उपकरणानंतर अडचण उद्भवते, त्याचा ड्रायव्हर अद्ययावत करावा किंवा केबल बदलून पाहावी.

यानंतर संगणकातील दोन-तीन व्यवस्था पाहाव्यात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक उपकरणाच्या पॉवर मॅनेजमेंट या भागात संगणक जागा करण्याची परवानगी असते. कळफलकाखेरीज इतरांची ती काढून घ्यावी. २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय आली आहे. तिच्यामुळे बंद करताना संगणक प्रत्यक्षात काही माहिती राखून अर्धवट झोपी जातो. शिफ्ट कळ दाबून धरून शटडाउन निवडल्यास तो पूर्णतः बंद होतो. असे केल्यावर अडचण जात असेल, तर ही सोय काढून टाकावी. काही मुख्य मंडलांच्या बायोसमध्ये ‘ईआरपी’ नावाची व्यवस्था असते. ती चालू केल्यास बंद स्थितीतील संगणकाकडून पोर्टला जाणारी वीज तोडली जाते. तथापि हबकडून येणारी उलटी वीज तिने थांबत नाही, हे लक्षात ठेवावे.

सक्तीने बंद करण्यापूर्वी

पडदा काळा झाला असून केवळ पंखा वा दिवा चालू असेल आणि हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकत नसेल, तर बटण दाबून धरण्याऐवजी आधी हबची केबल काढून पाहावी. दोष उलट्या विजेचा असल्यास संगणक तत्काळ शांत होतो. मात्र ‘बंद होत आहे’ हा संदेश पडद्यावर असताना आणि बाह्य हार्ड डिस्क हबवर असताना केबल ओढू नये. त्या वेळी काही मिनिटे वाट पाहावी. सक्तीचा मार्ग सर्वांत शेवटी.

बँकेचा व्यवहार चालू असताना संगणक अचानक बंद पडला, तर अधिक सावधगिरी हवी. एनईएफटीची सेवा डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएसची डिसेंबर २०२० पासून चोवीस तास उपलब्ध आहे. त्यामुळे पुन्हा प्रयत्न करण्याची घाई नसावी. संगणक सुरू झाल्यावर प्रथम खात्याचा उतारा पाहावा. रक्कम वजा झाली असेल, तर तीच आज्ञा पुन्हा देऊ नये. अन्यथा त्याच पुरवठादारास दुबार रक्कम जाईल आणि ती परत मिळविण्यात दिवस जातील. शंका असल्यास शाखेशी संपर्क साधावा.

नवा हब घेताना

हबचा अ‍ॅडॅप्टर पुरेसा आहे का, हे साध्या गणिताने कळते. प्रत्येक पोर्टला ५०० मिलिअँपिअर धरले, तर चार पोर्टच्या हबला पाच व्होल्टवर दोन अँपिअर आणि सात पोर्टच्या हबला साडेतीन अँपिअर हवेत. सात पोर्टच्या हबसोबत एक अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर आला असेल, तर सर्व पोर्ट एकाच वेळी वापरता येतील ही अपेक्षा करू नये.

अ‍ॅडॅप्टरची अदलाबदल कदापि करू नये. दुसऱ्या यंत्राचा बारा व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर हबच्या छिद्रात सहज बसू शकतो, परंतु पाच व्होल्टच्या हबसह त्यावरील उपकरणेही त्याने जळू शकतात. प्रत्येक अ‍ॅडॅप्टरवर चिठ्ठी चिकटवून ठेवणे हा दोन मिनिटांचा उपाय आहे. हबचा अ‍ॅडॅप्टर संगणक ज्या यूपीएसवर आहे त्यालाच जोडावा, म्हणजे दाब खाली गेला तरी दोघे एकत्र चालू राहतील. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आणि हिशेबाची प्रत घेणारी हार्ड डिस्क या दोन गोष्टी मात्र शक्यतो हबवर न ठेवता थेट संगणकाला जोडाव्यात, आणि काम संपताच टोकन काढून कुलूपबंद ठेवावे.

दिवसाचा हिशेब जुळला आणि दिवे मालवले की दुकानदार कुलूप नीट लागले का, हे ओढून पाहतो. संगणक बंद झाल्यावर त्याचा पंखा थांबला का आणि दिवा विझला का, हेही तसेच पाहावे. तो थांबला नसेल, तर आपल्या हिशेबाला धोका कुठून आहे याची ती पहिली सूचना होय. ती ओळखण्यासाठी पहिल्या पायरीला एक छदामही लागत नाही. केवळ एक केबल काढून पाहावी लागते.